पैसे भरायला दुसरा रस्ता ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खरेदीबद्दल पेपरात जी पत्रं येतात ती बहुतेक करून वस्तू खराब निघाली, उशिरा आली, कुणीतरी फसवलं अशी असतात, आणि ती यायलाच हवीत. पण एक गोष्ट त्यात क्वचितच दिसते आणि ती मला लिहायचीय, कारण मी रोज तीच ऐकते. मी एका ऑनलाइन स्टोअरच्या कस्टमर केअरला फोनवर काम करते, त्याआधी दुसऱ्या एका स्टोअरला करत होते, दोन्हींची नावं इथं लिहीत नाही कारण मुद्दा एका दुकानाचा नाहीचे. इतक्या वर्षांत ज्यांच्याशी बोलले त्यातल्या कितीतरी जणांना वस्तू पसंत असते, पैसे हातात असतात, घाईसुद्धा असते, आणि तरी त्यांना ती घेता येत नाही. कारण एवढंच की पैसे द्यायचा जो एक रस्ता दुकानानं ठेवलाय तो नेमका त्यांच्यासाठी बंद असतो.

एक फोन मला अजून आठवतो. एका गृहस्थांची आई दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी येणार होती आणि तिला चालायला वॉकर हवा होता. तो आमच्याकडे होता, वेळेत पोचणारही होता. ह्यांचं कार्ड बँकेनं नुकतंच बदलून दिलेलं, नवीन कार्ड ऑनलाइन वापरासाठी चालू करायचं राहिलेलं, आणि आमच्या त्या दुकानात कार्डाशिवाय पैसे घ्यायची सोयच नव्हती. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा "ट्रान्झॅक्शन फेल्ड" एवढंच आलं, का फेल ते नाही, आता काय करायचं ते नाही, आणि दर वेळी कार्ट रिकामं झालं, म्हणजे परत वॉकर शोधा, परत उंची निवडा, परत पत्ता टाइप करा. शेवटी त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "ताई, पैसे आहेत हो माझ्याकडे, बँकेत आहेत, खिशात आहेत, तुम्ही फक्त सांगा कसे देऊ." मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. "पैसे आहेत हो माझ्याकडे" हे वाक्य त्यानंतर मी खूप जणांकडून ऐकलंय आणि ते म्हणताना माणसाचा आवाज खाली येतो, म्हणजे आपली काही चूक नसताना आपणच काहीतरी पटवून देतोय असा. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दुकानानं असं बोलायला लावावं हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

त्या दुकानाच्या मालकांना मी हे सांगितलं होतं. माणूस चांगला, ऐकून घेणारा. ते म्हणाले, अहो पण आपल्याकडे तीन-तीन ऑप्शन आहेत की, खाली बघा ना, तीन कार्ड कंपन्यांचे लोगो आहेत. गल्लत नेमकी इथं होते. कार्डावर नाव कुणाचंही असो, नंबर टाकला की तो पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीकडे जातो, तिथून दुकानाच्या बँकेकडे, तिथून कार्डाच्या नेटवर्कवरून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे, आणि हो किंवा नाही हे उत्तर त्याच वाटेनं काही सेकंदांत परत येतं. गेटवे बंद पडला तर तिन्ही लोगो बंद. ओटीपीचा मेसेज फोनवर आला नाही तर कुठलं का कार्ड असेना, गाडी तिथंच अडणार. आणि माणसाकडे कार्डच नसेल तर तीन काय तीस लोगो लावले तरी त्याला काय उपयोग. माझ्या मते दुसरा ऑप्शन म्हणायचा तर तो असा पाहिजे की पहिला ज्या कारणानं अडतो त्या कारणानं तो अडत नाही. कार्ड आणि थेट बँकेतून ट्रान्सफर, हे दोन झाले. कार्ड आणि वस्तू दारात आल्यावर रोख, हे दोन झाले. एकाच कार्डाच्या तीन कंपन्या म्हणजे एकच.

आणि मोठ्या यंत्रणा बंद पडत नाहीत असं कुणी समजू नये. १ जून २०१८ ला युरोपात व्हिसा ह्या कार्ड कंपनीची यंत्रणा सुमारे दहा तास अडखळत चालत होती, डेटा सेंटरमधला एक नेटवर्क स्विच धड बंदही पडला नाही आणि धड चालूही राहिला नाही, त्यामुळे दुसऱ्या सेंटरनं काम हातात घ्यायला हवं होतं ते वेळेवर झालंच नाही, आणि सुमारे ५२ लाख व्यवहार फेल झाले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होऊ शकतं तर एका गेटवेवर चालणाऱ्या छोट्या दुकानानं तर दुसरी सोय हाताशी ठेवायलाच पाहिजे ना, त्या दहा तासांत ज्याच्याकडे दुसरा रस्ता होता त्याची विक्री चालू राहिली असणार आणि ज्याच्याकडे नव्हता तो बसून राहिला असणार.

ऑनलाइन पैसे म्हणजे कार्ड हे समीकरण आपल्या डोक्यात का बसलंय तेही मला कळतं. सुरुवातच तशी झाली. ११ ऑगस्ट १९९४ ला अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या साइटवरून संगीताची एक सीडी विकली गेली, पैसे क्रेडिट कार्डानं भरले होते आणि कार्डाचा नंबर गुप्त भाषेत बदलून पाठवला होता, इंटरनेटवरची पहिली सुरक्षित खरेदी म्हणून तिचंच नाव घेतात. तेव्हा हाताशी कार्डच होतं, ते वापरलं. पण त्यानंतर जगानं किती वेगवेगळे रस्ते काढले ते बघा. नेदरलँड्समध्ये २००५ पासून आयडील आहे, लोक स्वतःच्या बँकेच्या पानावर जाऊन थेट खात्यातून पैसे देतात. केनियात २००७ ला एम-पेसा आलं, त्याला बँकेत खातं लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरून चालतं. पोलंडमध्ये २०१५ पासून ब्लिक आहे, बँकेच्या ॲपमध्ये सहा आकडी कोड येतो तो टाकायचा, झालं. यूपीआय २०१६ चं, ते तर आपण सगळे वापरतो. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेनं नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स सुरू केलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं बोलेतो नावाची पावती चालते, ऑनलाइन ऑर्डर करायची, पावती छापायची आणि बँकेत किंवा दुकानात रोख भरायची. जपानमध्ये कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन ऑनलाइन ऑर्डरचे पैसे रोख देता येतात. जर्मनीत बिल आधी, वस्तू हातात, पैसे नंतर ही पद्धत लोकांच्या अंगवळणी पडलीये.

हे सगळं मी सांगतेय ते माहिती दाखवायला नाही. ह्यातला एकेक रस्ता कुणीतरी अडलेला माणूस बघून काढलाय हे मला महत्त्वाचं वाटतं. जागतिक बँकेच्या २०२१ च्या ग्लोबल फिंडेक्स पाहणीत जगात सुमारे १४० कोटी प्रौढ माणसांकडे कुठलंच खातं नव्हतं, बँकेचं नाही आणि मोबाइल मनीचंही नाही. आणि खातं असलं म्हणून कार्ड असतंच असं नाही, कार्ड असलं म्हणून ते ऑनलाइन चालतंच असं नाही, ऑनलाइन चाललं म्हणून दुसऱ्या देशातल्या दुकानात चालतंच असंही नाही. प्रत्येक पायरीवर माणसं गळत जातात. दुकानाच्या रिपोर्टमध्ये ती फक्त "कार्ट सोडून गेले" ह्या आकड्यात दिसतात. बेमार्ड इन्स्टिट्यूट म्हणून एक संस्था आहे, ती वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे एकत्र करून सरासरी काढते, त्यात साधारण ७० टक्के कार्ट अशी सोडून दिलेली निघतात. त्यातले बरेच नुसते बघायला आलेले असतात, त्यांचं काही नाही. पण ज्यांनी पत्ता टाकला, फोन नंबर टाकला, पेमेंटच्या पानापर्यंत आले आणि मग गेले, त्यांना नुसतं बघायला आलेले म्हणणं मला चुकीचं वाटतं, त्यातले काही मग मला फोन करतात.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल दुकानदारांचा राग मला ठाऊक आहे. माल परत येतो, दोन्ही बाजूंचं भाडं अंगावर पडतं, रोख हिशेबाची कटकट वेगळी. खरंय सगळं. पण लोक रोख का मागतात ते फोनवर बसल्यावर कळतं, बऱ्याच जणांकडे ऑनलाइन द्यायला पैसे असतात, त्यांना भीती एकच असते की पैसे गेले आणि वस्तू आलीच नाही तर आपण कुणाला गाठायचं. हा भरवशाचा प्रश्न आहे आणि भरवशावर उत्तर काढता येतं. चीनमध्ये अलीपे २००४ ला सुरू झालं ते ह्याच कारणानं, गिऱ्हाइकाचे पैसे मध्ये अलीपेकडे थांबायचे, वस्तू मिळाली असं गिऱ्हाइकानं सांगितलं की मग विकणाऱ्याला जायचे. अनोळखी दुकानातून घ्यायला लोक त्यामुळे तयार झाले. कार्डाला चार्जबॅक असतो, म्हणजे वस्तू आली नाही तर आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात, हे किती जणांना माहिती आहे? आणि उलट, खात्यातून खात्यात झटक्यात जाणाऱ्या ट्रान्सफरला बहुतेक ठिकाणी तसं संरक्षण नसतं, एकदा गेले की परत आणणं फार अवघड जातं. म्हणजे ऑप्शन ऑप्शनमध्ये नुसता सोयीचा फरक नसतो, काही बिघडलं तर कोण आपल्या बाजूनं उभं राहणार हाही फरक असतो. पेमेंटच्या पानावर हे एका ओळीत लिहिलं तर किती बरं होईल, पण मी तरी असं लिहिलेलं पान क्वचितच पाहिलंय.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, पेमेंट अर्धवट अडकतं तेव्हाचं. ऑप्शन चार असोत की चौदा, त्यातला एक मध्येच अडकला की माणूस एकदम एकटा पडतो. खात्यातून पैसे गेलेले दिसतायत आणि ऑर्डर कुठंच नाही, ह्या फोनइतका घाबरलेला फोन दुसरा नसतो. बऱ्याचदा झालेलं असं असतं की बँकेनं पैसे नुसते होल्ड केलेले असतात, म्हणजे दुकानासाठी बाजूला काढून ठेवलेले, दुकानानं ते अजून उचललेलेच नसतात, आणि ऑर्डर झाली नाही तर काही दिवसांत बँक तो होल्ड सोडून देते. पण डेबिट कार्ड असलं की तेवढी रक्कम वापरता येत नाही, गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ती गेलेलीच. त्याला हे कोण सांगणार? स्क्रीनवर "समथिंग वेंट राँग" एवढंच. मग तो परत प्रयत्न करतो आणि आता दोनदा पैसे अडकतात. एका ताईंचे असे तीनदा अडकले होते, महिन्याचा शेवट होता, त्या फोनवर रडत होत्या आणि मी त्यांना होल्ड म्हणजे काय ते समजावत होते. मला फार वाईट वाटत होतं कारण हे समजावणं त्या स्क्रीनचं काम होतं, तिथं दोन ओळी असत्या तर त्यांनी दुसऱ्यांदा बटण दाबलंच नसतं.

आमच्या टेक्निकल टीममधल्या एका मुलानं मला एकदा बसून हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, तेव्हापासून मला राग जास्त येतो कारण ह्याचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. प्रत्येक ऑर्डरच्या पेमेंटला एक वेगळा क्रमांक लावून पाठवायचा, मग गिऱ्हाइकानं घाबरून दहा वेळा बटण दाबलं तरी गेटवे ओळखतो की ही तीच मागणी आहे आणि पैसे एकदाच घेतो. दुसरं म्हणजे पैसे भरून झाल्यावर गिऱ्हाईक बँकेच्या पानावरून दुकानाच्या पानावर परत येईल ह्यावर अवलंबूनच राहायचं नाही. त्याचं नेट जातं, बॅटरी संपते, फोन येतो, चुकून टॅब बंद होतो. म्हणून गेटवेनं दुकानाच्या सर्व्हरला परस्पर कळवायचं की पैसे आले, आणि दुकानानं त्या निरोपावर ऑर्डर पक्की करायची. हे जिथं केलेलं नसतं तिथं पैसे गेले आणि ऑर्डर नाही हे रोज होतं. आणि तिसरं, पेंडिंग ही वेगळी अवस्था आहे हे मान्य करायचं. यशस्वी आणि फेल ह्यांच्यामध्ये "अजून कळलेलं नाही" असं एक असतं आणि ते गिऱ्हाइकाला तसंच सांगायचं, की तुमच्या बँकेकडून उत्तर यायचंय, परत पैसे भरू नका, तुमची वस्तू एवढा वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलीये, उत्तर आलं की मेसेज करतो. माणूस थांबायला तयार असतो, त्याला फक्त कळायला हवं की तो कशासाठी थांबलाय.

फॉर्मबद्दल पण लिहिते. व्हिसा-मास्टरकार्डचा नंबर सहसा १६ आकडी असतो, पण अमेरिकन एक्सप्रेसचा १५ आकडी असतो आणि त्याचा सुरक्षा कोड चार आकडी, तोही कार्डाच्या पुढच्या बाजूला. खाली अमेरिकन एक्सप्रेसचा लोगो लावून वर १६ आकडे भरल्याशिवाय पुढं न जाऊ देणारे फॉर्म मी पाहिलेत, मग तो लोगो कशासाठी? नंबर टाकताना मध्ये स्पेस दिली की लाल अक्षरात चूक दाखवणारे फॉर्म आहेत, अहो कार्डावरच तो नंबर स्पेस देऊन छापलेला असतो, माणूस बघून तसाच टाइप करणार ना, ती स्पेस कॉम्प्युटरनं काढून टाकावी. आणि नंबरात एक आकडा चुकला तर ते जागच्या जागी कळू शकतं. आयबीएमच्या हान्स पीटर लून ह्यांनी १९५४ मध्ये अशी चूक पकडायच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, कार्डाचा शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांवरून हिशेब करूनच ठरवलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की बेरीज जुळत नाही. एवढी जुनी युक्ती हाताशी असताना चुकलेला नंबर बँकेपर्यंत पाठवायचा, तिथून नकार आणायचा आणि माणसाला वाटायला लावायचं की त्याचं कार्डच बंद झालंय, हे का?

दृष्टी नसलेले, हात थरथरणारे, वय झालेले असे लोक मला खूप फोन करतात कारण स्क्रीनवर त्यांचं काम होत नाही. ओटीपीला कमी वेळ, तेवढ्यात मेसेज उघडा, आकडे लक्षात ठेवा, परत मागे या, टाइप करा, आणि पेस्ट करायला गेलं तर पेस्ट बंद करून ठेवलेलं. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जगभर जे नियम मानतात, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यात वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवता आली पाहिजे असा नियम अगदी पहिल्या पातळीवर आहे, आणि ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत तर असंही आलंय की ओळख पटवताना माणसाला स्मरणशक्तीची किंवा आकडे बघून उतरवून काढायची परीक्षा द्यावी लागू नये, पेस्ट करू द्यावं, फोनला आपोआप भरू द्यावं. एक दृष्टिहीन काका मला म्हणाले होते की बटणावर चित्र आहे पण त्याला नाव दिलेलं नाही, त्यामुळे माझा फोन मला नुसतं "बटण, बटण, बटण" असं वाचून दाखवतो, ह्यातलं वॉलेट कुठलं आणि कार्ड कुठलं मला काय कळणार. सहा ऑप्शन होते त्या पानावर. त्यांच्यासाठी एकही नव्हता.

रिफंडचा विचार पैसे घेतानाच करायला हवा, तो कुणी करत नाही. युरोपात २०११ चा ग्राहक हक्कांचा जो निर्देश आहे त्यात असं आहे की खरेदी रद्द केली तर पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत द्यायचे, गिऱ्हाइकानं स्वतःहून दुसरं काही मान्य केलं तरच वेगळं. तत्त्व चांगलंय. पण मधल्या काळात कार्ड बंद झालेलं असतं, गिफ्ट कार्डानं पैसे दिलेले असतात आणि ते कार्ड फेकून दिलेलं असतं, रोख दिलेले असतात आणि रोख परत द्यायला दुकानाचा माणूस परत येत नाही. मग दुकान म्हणतं स्टोअर क्रेडिट घ्या, म्हणजे त्याच पैशात आमच्याकडूनच परत काहीतरी घ्या. ज्याला ते पैसे घरखर्चाला हवेत तो ह्या क्रेडिटचं काय करणार? ऑप्शन लावतानाच त्याचा परतीचा रस्ता कुठला ते ठरवा आणि लिहून ठेवा, नाहीतर तो ऑप्शन अर्धाच झाला.

दुकानदारांची बाजू मी रोज बघते त्यामुळे तीही लिहिते. प्रत्येक नव्या ऑप्शनला करार असतो, फी असते, हिशेब जुळवायला वेगळी शीट असते, पैसे कुणाचे दुसऱ्या दिवशी येतात कुणाचे आठवड्यानं, आणि कार्डाचा डेटा सांभाळायचे पीसीआयचे कडक नियम २००४ पासून आहेत, त्यात कार्डामागचा कोड पेमेंट झाल्यावर साठवायचाच नाही असं स्पष्ट आहे. छोट्या दुकानाला हे ओझंच आहे. म्हणून दहा ऑप्शन लावा असं माझं म्हणणंच नाही. एकाच गेटवेच्या पानावर कार्ड, बँक ट्रान्सफर आणि वॉलेट असं एकत्र मिळतं, तिथं कार्डाचा नंबर दुकानाकडे येतच नाही, दुकानाला नुसतं एक टोकन, म्हणजे त्या नंबराऐवजी एक सांकेतिक खूण मिळते, त्यामुळे जबाबदारीही कमी होते. छोट्यांनी तिथून सुरू करावं, आणि गेटवेच बंद पडला तर म्हणून साधा खाते क्रमांक देऊन ट्रान्सफर घ्यायची सोय ठेवावी, हातानं जुळवावं लागलं तरी चालेल. मात्र फीचा भार शेवटच्या पानावर गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका. युरोपीय संघानं २०१५ च्या नियमानं बँकांची आपसातली फी डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर बांधली आणि मग १३ जानेवारी २०१८ पासून लोकांच्या बहुतेक कार्डांवर दुकानानं वेगळा आकार घ्यायचा नाही असं केलं. जिथं तसा कायदा नाही तिथं निदान आकार पहिल्याच पानावर सांगा, पत्ता वगैरे भरून घेऊन मग नको.

आणि हप्त्यांबद्दल तर मला फारच वाटतं. आता घ्या पैसे नंतर द्या, हा ऑप्शन काही जणांना खरोखर उपयोगी पडतो, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तो सगळ्यात वर, मोठ्या रंगीत बटणात, आधीच निवडून ठेवलेला असतो तेव्हा माणूस न वाचता उधारीत जातो. ते कर्ज आहे. मला फोन येतात की ताई मी तर पूर्ण पैसे भरले होते, हा हप्ता कशाचा कापला? स्वीडननं १ जुलै २०२० पासून कायदाच केला की ऑनलाइन पैसे भरताना उधारीचे ऑप्शन आधी दाखवायचे नाहीत आणि आधीच निवडलेले ठेवायचे नाहीत, ज्यात कर्ज होत नाही ते पहिले दाखवायचे. असा क्रम कुठलंही दुकान कायद्याशिवायसुद्धा लावू शकतं, दहा मिनिटांचं काम आहे.

जास्त ऑप्शन दिले की लोक गोंधळतात हे मला मीटिंगमध्ये हमखास ऐकवलं जातं. पंधरा चित्रं एका ओळीत, सगळी सारखी, खाली नाव नाही, असं असेल तर गोंधळणारच. गिऱ्हाईक मागच्या वेळी ज्यानं पैसे देऊन गेलं ते पहिलं दाखवा, त्याच्या देशात जे चालतं ते दाखवा, जे त्याच्या ऑर्डरला लागूच होत नाही ते दाखवूच नका, बाकीचे "इतर" मध्ये ठेवा पण ठेवा. मला फोनवर गोंधळून विचारणारे थोडे भेटलेत, "दुसरं काही नाही का हो" विचारणारे कितीतरी जास्त.

आपल्या पेपरचे वाचक गिऱ्हाईक आहेत तसे दुकानदारही आहेत, आणि आजकाल घरबसल्या छोटं ऑनलाइन स्टोअर चालवणारेही खूप आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की आज रात्री स्वतःच्याच दुकानातून एक वस्तू घ्यायला जा, बंद झालेलं एखादं जुनं कार्ड टाका, एकदा ओटीपी येऊनही भरू नका, एकदा पेमेंटच्या मध्येच नेट बंद करा. मग स्क्रीनवर काय लिहून येतं ते वाचा, कार्ट तसंच आहे का बघा, आणि तिथून दुसऱ्या कशानं पैसे भरता येतात का ते करून बघा. त्या वॉकरवाल्या गृहस्थांना आम्ही शेवटी वस्तू देऊ शकलो नाही. नंतर त्या दुकानात बँक ट्रान्सफर आली, कार्ट टिकायला लागलं, पण त्यांचा फोन काही परत आला नाही.

आपली नम्र,
एक वाचक